दोन माळांचे बटाटे

लिझेत चुकिमियाने समुद्र पहिल्यांदा पाहिला आणि तिला जांभई आली.

खरं तर या घडीसाठी ती लहानपणापासून तयार होती. ओरुरोच्या शाळेत दर वर्षी मार्चच्या तेवीस तारखेला पांढरा झगा घालून रांगेत उभं राहायचं आणि चिलीने युद्धात घेतलेला आपला समुद्र आपल्याला परत मिळेल असं घसा बसेपर्यंत गायचं, हे तिने बारा वर्षं केलं होतं. समुद्र पाहिला होता कुणी? शिकवणाऱ्या बाईंनीही नाही. फळ्यावर निळ्या खडूने काढतात तेवढाच सगळ्यांच्या ओळखीचा. आता शिक्षिका व्हायचं शिकणाऱ्या लिझेतला विद्यार्थ्यांच्या एका प्रशिक्षण-जहाजावर चार महिन्यांसाठी जागा मिळाली. ओरुरोहून ती एकटीच. त्या दिवशी तिचे वडील क्लेतो बाजारात आपल्या लोकरीच्या टोप्यांच्या ढिगामागे उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले. बाजारवालेही काही कमी नव्हते. “पोरीला म्हणावं, समुद्र आहे का अजून जागेवर तेवढं बघून ये,” असं एकाने सांगितलं, तर दुसरी म्हणाली, “आणि येताना बादलीभर आण. झाकण घट्ट लावायचं हं, नाहीतर चिलीवाले परत घेतील.”

आई प्रुदेन्सियाबाईंनी तिला चर्चमध्ये सोकावोनच्या मातेपुढे नेऊन गुडघे टेकवायला लावले, फादरांकडून बॅगेवर पवित्र पाणी शिंपडून घेतलं, आणि आपली जपमाळ तिच्या हातात दिली. “कुणाला जेवू घालायची वेळ आली तर बटाटे कर. बटाट्याने कुणाचं वाईट होत नाही. पाण्याला उकळी आली की दोन माळा म्हणायच्या, न गाळता. दुसऱ्या माळेनंतर झाकण काढायचं, आधी नाही.”

बस डोंगर उतरायला लागली तशी हवा जड व्हायला लागली. कानात दडे बसले, सुटले, परत बसले. वळणागणिक कुणीतरी अंगावर एकेक घोंगडी टाकावी तसं लिझेतला वाटत होतं, आणि आरिका बंदर आलं तोवर ती त्या सगळ्या घोंगड्यांखाली गाढ झोपली होती. धक्क्यावर तिला हलवून उठवलं गेलं. समोर ते होतं. फळ्यावरच्याहून करडं, आणि सारखं हलणारं. लिझेतने गाणं म्हणायला तोंड उघडलं आणि जांभई दिली.

पहिले तीन दिवस असेच गेले. गेले म्हणायचं इतकंच, ते दिवस होते की रात्री हे तिला नीटसं कळलंच नाही. सकाळी घंटा व्हायची, निरनिराळ्या देशांची ऐंशी मुलं वर्गाकडे धावायची आणि लिझेत एक मोजा घालून दुसरा हातात धरून बिछान्यावर बसल्याबसल्या कलंडायची. वर्गात पोचली तरी तेच. भरती-ओहोटी शिकवणाऱ्या सरांचा आवाज दुरून, पाण्याखालून यावा तसा यायचा, आणि त्या आवाजावर डोकं टेकून ती निघून जायची.

कुठे जायची? घरीच, पण घर समुद्रावर असायचं. आई लाटांवर बटाटे पसरत असायची, थंडीत गोठवून, तुडवून वाळवायला पठारावर पसरतात तसेच ओळीने, आणि मग अनवाणी पायांनी ते तुडवत दूर दूर चालत जायची. पाय ओले होत नव्हते. वडील टोप्या एकेक करून पाण्यात सोडायचे आणि त्या शांतपणे तरंगत कुठल्याशा बंदराकडे निघायच्या. लिझेत विचारायची, “बाबा, विकायच्या नाहीत का?” ते म्हणायचे, “जाऊ दे, ज्याचं डोकं उघडं असेल त्याला सापडेल.” तिला ते अगदी पटायचं.

“बाई गं, तू माणूस आहेस की मांजर?” तिच्या खोलीतली पनामाची यारिएला विचारायची. यारिएला किनाऱ्यावर वाढलेली. जहाज डोलायला लागलं की तिला नाचावंसं वाटायचं. “काल मी तुझ्या नाकाशी आरसा धरला होता. खरंच सांगते. म्हटलं, गेली की काय ही.”

“झोप येते गं.”

“ते दिसतंय. पण डॉक्टरबाईंनाही दिसतंय ना आता!”

डॉक्टर बुस्तिन्सा पेरूच्या किनाऱ्यावरच्या होत्या, बोलायला तुटक आणि हाताला मऊ. त्यांनी लिझेतची नाडी पाहिली, डोळे पाहिले, रक्त काढून तपासलं. रक्त पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या. “लाल म्हणजे किती लाल! बैलालाही पुरून उरेल. मग एवढी मरगळ कसली? उलटी होते का?”

“नाही.”

“घरची आठवण येते?”

“झोपेत भेटतात सगळे,” लिझेत म्हणाली. तिला वाटलं, हे चांगलं उत्तर आहे. डॉक्टरबाईंना तसं वाटलं नाही.

“हे बघ मुली. गुरुवारी आपण ग्वायाकीलला लागू. त्यापुढे बरेच दिवस जमीन नाही. भर समुद्रात तुला काही झालं तर मी कुणाला हाक मारू? बुधवारपर्यंत तू नीट जागी दिसली नाहीस, तर मला तुला तिथे उतरवून घरी पाठवावं लागेल. समुद्र सगळ्यांनाच मानवतो असं नाही.”

त्या दिवशी मात्र लिझेतची झोप उडाली, निदान तासभर. सहा दिवसांत परत! बाजारात वडील टोप्यांमागे उभे असतील आणि आपण बस-अड्ड्यावरून बॅग ओढत येऊ. कुणी टोमणा मारणार नाही, तेच जास्त वाईट. आणि उद्या आपण मुलांपुढे फळ्यावर समुद्र काढू तो कुठला? जांभईच्या आड जेवढा दिसला तेवढा?

बुधवारी स्वयंपाकघरात मदतीची तिची पाळी होती. रोज एका मुलाने आपल्या गावचं काहीतरी करायचं, अशी जहाजावरची पद्धत. मुदपाकाचे मुख्य डॉन एउसेबियो. सगळी मुलं त्यांना काकाच म्हणत. ते सान्ता एलेनाच्या कोळ्यांच्या घरचे, पोट मोठं आणि तोंड त्याहून मोठं.

“काय करणार, झोपाळूबाई?”

“बटाटे, काका. वरून शेंगदाण्याचा आणि पिवळ्या मिरचीचा रस्सा.”

“कर. ढवळता ढवळता पातेल्यात पडू नकोस म्हणजे झालं. तुझा रस्सा करायला मला यायचं नाही.”

लिझेतने तोंडावर गार पाणी मारलं. दोन मोठी पातेली चढवली, उकळी येऊ दिली, बटाटे सोडले, झाकणं घातली. एउसेबियोकाका शीतघरात माशांवरून कुणाशीतरी भांडायला गेले. ती पातेल्यांपाशी उभी राहिली आणि आईची माळ हातात घेऊन म्हणू लागली, “नमो मारिया, कृपापूर्णे...” डोळे मिटले, पण झोपेसाठी नाही. आज झोपायचं नव्हतं. एकेक मणी ती असा दाबत होती की बोटाला वळ पडावा. पहिली माळ झाली, दहा-दहा मण्यांची पाच दशकं. दुसरी सुरू केली. चौथ्या दशकाला आली तेव्हा मागून आरोळी आली.

“अगं ए! मेलीस का उभ्याउभ्या?”

काकांनी झाकण उचललं. आत बटाटे नव्हतेच. होती ती पिवळट पेज, आणि तिच्यावर साली तरंगत होत्या, वडिलांच्या टोप्यांसारख्या.

“झोपली! चुलीपुढे झोपली! ऐंशी माणसांचा बटाटा, आणि हिने त्याची लापशी केली!”

“मी झोपले नव्हते.”

“डोळे मिटलेले मी पाहिले ना. ओठ हलत होते. झोपेत बरळत होतीस.”

“जपमाळ म्हणत होते! दुसऱ्या माळेचं चौथं दशक चाललंय. हे बघा, मणी माझ्या बोटात आहे!”

आरडाओरडा ऐकून यारिएला धावत आली, तिच्या मागून डॉक्टरबाई. त्या आल्या होत्या ते वेगळ्याच कामासाठी. हातात एक कागद होता, आणि तो कशाचा आहे हे लिझेतला विचारावं लागलं नाही. डॉक्टरबाईंनी पातेल्यात पाहिलं, मग लिझेतकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, “राहू दे, मुली. तुझा दोष नाही. घरी जाऊन आराम कर.”

लिझेतला रडू आलं नाही. आला तो राग, आणि रागाने ती जहाजावर आल्यापासून पहिल्यांदा पुरती जागी झाली. “काका, एक बटाटा द्या. एकच. माझ्यासमोर उभे राहा, माझ्या डोळ्यांकडे बघा. मी मोठ्याने माळ म्हणते.”

काकांनी कपाळावर हात मारला, पण मातेच्या नावाला नाही कसं म्हणणार? बटाटा उकळत्या पाण्यात पडला. लिझेत डोळे टक्क उघडे ठेवून म्हणू लागली. अर्धी नमो मारिया तिने म्हणायची, उरलेली अर्धी सगळ्यांनी, हे तर तोंडात बसलेलंच असतं. दोन दशकांनंतर काका हात पुसून उत्तर द्यायला लागले, आणि मग यारिएलाही. मुदपाकखान्यात जरा वेळ चर्चमध्ये असावं तसं झालं, फक्त वास माशाचा. पाचवं दशक संपलं आणि काकांनी सुरी घातली. सुरी लोण्यात जावी तशी गेली.

“झाला,” काका म्हणाले.

“कसा झाला? एकच माळ झालीय!”

“वीस मिनिटं झाली की बाई. बटाट्याला सगळीकडे वीसच मिनिटं लागतात.”

“आमच्याकडे दोन माळा लागतात. आईच्या आईलाही दोनच लागायच्या. एका माळेत काढला तर आत कच्चा कच्चा राहतो, डुकरंसुद्धा तोंड लावत नाहीत.”

“मग तुमच्याकडचे बटाटे हट्टी.”

“बटाटे नाहीत,” लिझेत म्हणाली, आणि म्हणताना थांबली. आल्या दिवशी इथल्या चहाने तिची जीभ पोळली होती. घरी किटली चुलीवरून उतरवली की लगेच तोंडाला लावतात, कुणी फुंकरही घालत नाही. “पाणी. आमचं पाणी कमी तापलेलं असतानाच उकळतं. उंचावर हवा पातळ असते ना. इथली जाड आहे, ती पाण्याला दाबून धरते.” हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण पुस्तकातलं पाणी आणि पातेल्यातलं पाणी एकच, असं तिला आजवर कधी वाटलंच नव्हतं.

डॉक्टरबाईंनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

“ओरुरो किती उंचावर आहे?”

“पावणेचार हजार मीटर. थोडं कमीच.”

“आणि तू आयुष्यात खाली कधी उतरली नव्हतीस?”

“नाही.”

डॉक्टरबाई मिठाच्या पिंपावर बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे काका जरा घाबरले. “मी एकदा तुमच्याकडे ला पासला गेले होते. विमानातून उतरले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर फतकल मारून बसले. श्वास पुरेना, डोकं ठणकतंय. एक म्हातारी रस्त्यावर लोकर विकत होती, ती मला म्हणाली, ‘बाळ, तुला काही झालं नाही. आमची हवा तुला पुरत नाही, एवढंच. निजून राहा.’ आणि मी इथे सगळं तपासलं, पण तू कुठून उतरून आलीस हे विचारलं नाही. तुझं रक्त पातळ हवेसाठी घडलेलं आहे, मुली. इथल्या प्रत्येक श्वासात तुझ्या पोटाला पुरेल त्याच्या दुप्पट वाढतंय कुणीतरी. जेवण अंगावर येतं तशी तुला हवा अंगावर आलीय!”

“म्हणजे प्यायल्यासारखी?” यारिएलाने विचारलं. “फुकटात? आम्हाला का नाही चढत?”

“तू जन्मापासूनच चढलेली आहेस,” काका म्हणाले.

“मग मला उतरवणार?” लिझेतने विचारलं.

“हे आठ-दहा दिवसांत ओसरतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तोवर दुपारी निजायचं. हुकूम आहे माझा. सरांना मी सांगते.” त्यांनी तो कागद चुलीत घातला नाही की फाडला नाही. नुसता खिशात ठेवला, कारण त्या जपून वागणाऱ्या होत्या.

काकांनी त्या लगद्यात चीज कालवलं, तव्यावर आपल्या गावाकडच्यासारख्या जाड टिक्क्या लावल्या आणि वर लिझेतचा शेंगदाण्याचा रस्सा ओतला. मुलांनी पातेल्याचा तळ खरवडला. “हे ओरुरोचं की तुमच्याकडचं?” असं कुणीतरी विचारलं, तर काका म्हणाले, “वाटेत कुठेतरी भेटले दोघे.”

गुरुवारी सकाळी जहाज नदीच्या मुखात शिरलं. पाणी तांबडं झालं, दोन्ही बाजूंनी हिरवी झाडं पाण्यात पाय सोडून बसलेली. उतरणाऱ्यांची यादी भोंग्यावरून वाचली गेली. यारिएला धावत खोलीत आली आणि तिने लिझेतचा खांदा हलवला.

“ऊठ! यादी वाचली! तुझं नाव नाहीये!”

“कशात?” लिझेतने डोळे न उघडता विचारलं.

“कशात म्हणजे? उतरणाऱ्यांत! राहिलीस तू!”

“बरं,” लिझेत म्हणाली. झोपेत ती थोडी सरकली, यारिएलाला बसायला जागा व्हावी म्हणून, आणि परत निघून गेली. बाहेर काठावरची झाडं गोल खिडकीतून एकेक करून मागे जात होती.