चार नंबरचं फाटक

नोएलीन टलोक एकतीस वर्षं सायकलवरून टपाल वाटायची. आमच्या डनीडिन शहराचे चढ ज्यांनी पाहिलेत त्यांना यात काय आहे ते सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगून पटणार नाही. निवृत्त झाली त्या दिवशी तिला निरोपाचं म्हणून एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवशी ती सायकल घेऊन माझ्या दुकानात आली. आता पिशवीत पत्रं नाहीत, तर जायचं कुठे, असं तिने मला विचारलं.

मी सायकली दुरुस्त करतो, सल्ले देणं हा माझा धंदा नाही. जिथे कुणाच्या दारात पत्रपेटीच नाही तिथे जा, असं मी थट्टेत म्हणालो. तिने ते मनावर घेतलं.

पुढची अकरा वर्षं ती शहराभोवतीच्या वाटा शोधत हिंडली. काही सायकलने, काही पायी. पाणंदी, खाडीकाठचे बांध, कुरणांमधून जाणाऱ्या मेंढ्यांच्या वाटा. घरी आली की पेन्सिलीने नकाशा काढायची. माझ्या दुकानात एक बिस्किटांचा जुना डबा आहे, त्यात त्या नकाशांच्या घड्या असायच्या, ज्याला हवी त्याने उचलावी. त्यांत किलोमीटर नसत. ‘इथून सरूच्या रांगेपर्यंत एक चीज रोल खाऊन होतो.’ ‘चढ मोठा आहे, पण मागे वळून समुद्र बघत चढलात तर कमी वाटतो.’ एके ठिकाणी नुसतंच लिहिलं होतं, ‘या वळणावर थांबा. का ते सांगणार नाही.’ मी तिथे अर्धा तास थांबलो होतो. वाऱ्याने गवत आडवं होत होतं आणि परत उभं राहत होतं, एवढंच. पण घरी आल्यावर दोन दिवस मला दुसरं काही दिसत नव्हतं.

वाटेतल्या प्रत्येक फाटकाला तिने नंबर दिला होता. त्यापुढे एकच सूचना: जसं सापडेल तसं ठेवा. आमच्याकडे पोर चालायला लागलं की हेच आधी शिकवतात. फाटक उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद. शेतकऱ्याने ते तसं का ठेवलंय हे त्याचं त्याला ठाऊक. शहाणपणा करायचा नाही.

नोएलीनला एकच वेड होतं. शहरातून निघावं, टेकड्यांमागून समुद्राला जावं आणि मोठ्या रस्त्याला पाय न लावता घरी परत यावं. वाटांचं हे गोल कडं ती तुकड्या-तुकड्याने जोडत आली होती. शेवटचा तुकडा लॅकी ड्रमंडच्या कुरणातून जात होता.

तिथे कायद्याने रस्ता आहे, पण तो कागदावर. दीडशे वर्षांपूर्वी कुणा मोजणीदाराने टेकडी न बघताच नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढली. रस्ता झाला नाही, रेघ मात्र राहिली, आणि त्या रेघेवरून चालायचा हक्क आजही सगळ्यांना आहे. अशा कागदी रस्त्यांचं आमच्याकडे मोठं पीक आहे. लॅकीच्या कुरणातली रेघ सरळ कड्यावरून समुद्रात जाते, म्हणजे तो हक्क बजावायला पंख हवेत. कड्याला वळसा घालणारी पायवाट मात्र लॅकीच्या मालकीची. ती त्याने नोएलीनशी हात मिळवून खुली केली. कागद नाही, सही नाही. अट एकच, फाटकं सांभाळायची.

त्या वाटेने मी तिच्याबरोबर एकदा धुक्यातून गेलो आहे. समुद्र खाली कुठेतरी घोरत होता. पाच पावलांवरची मेंढी आधी ढगासारखी दिसायची, मग तिला डोळे फुटायचे. नोएलीन पुढे चालत होती आणि मधूनच दिसेनाशी होत होती. आपण जागे आहोत की नाही असं मला सारखं वाटत होतं. एवढ्या वर्षांत मी तिला इतकं सुखी पाहिलं नव्हतं.

मग तो जानेवारी आला, आमच्या दक्षिण गोलार्धातला ऐन उन्हाळा. लॅकी मुलीच्या लग्नाला चार दिवस उत्तरेला गेला. त्याच्या वरच्या कुरणातलं डबकं आटलं होतं, म्हणून जाताना त्याने चार नंबरचं फाटक उघडं ठेवलं. मेंढ्या त्यातून खालच्या हौदावर जातील असा त्याचा हिशेब होता. परत आला तेव्हा फाटक बंद होतं आणि नऊ मेंढ्या मेल्या होत्या. त्याने फाटकाला कुलूप ठोकलं आणि पाटी लावली, वाट बंद.

आमची रविवारची चालणारी मंडळी माझ्या दुकानात जमली. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. हे फिरायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांचंच काम, त्यांना फाटकाची अक्कल कुठली, असं मी म्हणालो. शिवाय कोर्टात जाऊ, कागदी रस्ता आपला आहे, असंही म्हणालो. ती रेघ कड्यावरून समुद्रात जाते याची मला कुणीतरी आठवण करून दिली, तरी मी थांबलो नाही. नोएलीन कोपऱ्यात बसून चहा ढवळत होती. तिने त्यात साखर घातलीच नव्हती.

तीन आठवड्यांनी ती एकटी दुकानात आली.

“ते फाटक मी लावलं,” ती म्हणाली.

मला थट्टा वाटली. तिने सगळं सांगितलं. लॅकी निघाला त्याच सकाळी ती तिकडे गेली होती. पहाटेचं धुकं होतं. कडं आता जुळल्यातच जमा होतं आणि ती हवेत होती. एकतीस वर्षं तिने दर अंगणातून बाहेर पडताना मागचं फाटक लावलं होतं, कुत्रं बाहेर येऊ नये म्हणून. विचार करून नाही, आपोआप. हात आपला मागे जायचा.

“लावलेलं मला आठवत नाही,” ती म्हणाली. “पण बोटांना फाटकाची साखळी गार लागलेली आठवते. फाटक उघडं होतं, मग साखळीला हात लागेल कशाला?”

मी तिला सरळ सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. लॅकीचा राग पाहुण्यांवर आहे, तो चार-सहा महिन्यांत निवळेल, वाट उघडेल. तू कबूल केलंस तर त्याने ज्या हातात हात दिला तोच फिरला असं होईल, आणि मग ती वाट जन्मात उघडणार नाही. तुझं वय चौऱ्याहत्तर, गुडघे असे. अकरा वर्षं पाण्यात घालशील. कुणाला कळलंय?

“नऊ मेंढ्यांना कळलं ना,” ती म्हणाली.

रविवारी मी तिच्याबरोबर लॅकीकडे गेलो. कशाला गेलो ते मला अजून नीट सांगता येत नाही, बहुधा माझ्या मोठ्या आवाजाची लाज वाटत होती.

लॅकी कुंपणाची तार ओढत होता. नोएलीनने उभ्या उभ्या सांगून टाकलं. त्याने मान वर केली नाही, तार पिळत राहिला.

“साखळीला दोन वेढे होते,” शेवटी तो म्हणाला. “मी एक घालतो. सगळे एकच घालतात. माझ्या आईच्या फाटकाला दोन वेढे घालणारी टपालवाली एकच होती. आमचा कुत्रा एक वेढा नाकाने सोडवायचा म्हणून.”

“म्हणजे तुला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. तू येतेस का ते बघत होतो. बराच वेळ घेतलास, बाई.”

“गुडघे दुखतात,” ती म्हणाली, आणि लगेच मान हलवली. “नाही, खोटं बोलले. भ्याले होते. वाट जाईल म्हणून.”

“फाटकाला तोंडं लावून पडल्या होत्या त्या,” लॅकी म्हणाला. “तिथून हौद दिसतो.”

नोएलीन रडली. आवाज न करता, हात दोन्ही बाजूंना सोडून. लॅकीने तिची समजूत घातली नाही आणि मीही नाही. मला त्याचा राग आला होता, आणि तो बरोबर आहे हेही दिसत होतं. मग त्याने पक्कड खिशात टाकली आणि चढ चढू लागला. आम्ही मागून गेलो.

चार नंबरच्या फाटकाशी त्याने कुलूप काढलं. वाटलं, उघडेल. पण त्याने फाटक खालून धरलं आणि नोएलीनला म्हणाला, “हात लाव.” दोघांनी मिळून ते बिजागऱ्यांवरून उचललं आणि गवतात आडवं टाकलं.

“कोकरांच्या दिवसांत परत बसवीन,” तो म्हणाला. “तेव्हा तशीही वाट बंदच असते. तोवर तुझ्या हाताला लावायला काही नको.”

नोएलीनने नकाशा नव्याने काढला. त्यात लिहिलं, ‘फाटक चार: नाही. होतं. मी ते लावलं आणि नऊ मेंढ्या तहानेने मेल्या.’ मी म्हणालो, हे कशाला, लोक फिरायला जातात. ती म्हणाली की फिरायला जातात म्हणूनच.

मार्चमध्ये आम्ही दोघं ते कडं पुरं करायला निघालो. कुरणात पोचलो तेव्हा पुन्हा धुकं होतं. ते दोन खांब अचानक समोर उभे राहिले आणि आम्ही त्यांच्यामधून गेलो. नोएलीन कसल्याशा पक्ष्याविषयी बोलत होती. बोलता बोलता तिचा हात मागे गेला आणि बोटांनी हवेतच दोन वेढे घातले.

हात पुढे घेऊन तिने त्याच्याकडे पाहिलं. आमच्या मागून मेंढ्या येत होत्या, एकामागून एक, त्या दोन खांबांमधून खाली हौदाकडे. ती वाटेतून बाजूला झाली, आणि शेवटची मेंढी जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.