खालचा हात

इटलीतलं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा आमच्या चित्रकलेच्या बाईंनी माझे सगळे कॅनव्हास भिंतीला लावून पाहिले आणि म्हणाल्या, "हात तयार आहे तुझा. पण ही चित्रं तू नसतीस तरी कुणीतरी काढलीच असती." दुसऱ्या वर्षाचा प्रवेश आता एका नव्या चित्रावर ठरणार होता. मला रागच आला. लातूरच्या गंजगोलाईत कापडाचं दुकान असलेल्या लिंगायत घरातली मी; "पोरीला एवढ्या लांब कशाला" म्हणणाऱ्या सगळ्या नातेवाइकांना पुरून उरून इथवर आले होते. हात हलवत परत जायचं नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

निघताना आईने, आम्ही तिला अव्वा म्हणतो, एकच गोष्ट बजावली होती. "कुटंबी ऱ्हा, लिंग अंगावरून काढू नगंस." ते मी पाळत होते. सकाळी गळ्यातल्या वस्त्राची गाठ सोडून इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, क्षणभर डोळे मिटायचे, की निघाले वर्गाला. परक्यांच्या चित्रांपुढे तासन्‌तास उभी राहणारी मी, हातावरच्या लिंगाकडे मात्र तितका वेळ कधी पाहिलं नव्हतं.

चित्रासाठी जागा शोधायला मी एकटीच डोंगरावरच्या एका गावी गेले. दिवसभर हिंडून दोन बरी रेखाटनं जमली. संध्याकाळी शेवटच्या बसपाशी आले, सवयीने गळ्याशी हात नेला, तर दोरा तुटलेला आणि वस्त्रासकट लिंग नाही. आमच्यात लिंग अंगावरून गेलं म्हणजे जीव गेल्यासारखंच. चित्र द्यायची मुदत जवळ आली होती; ही बस चुकली तर ते वेळेत होणं अवघड, हे कळत होतं. तरी मी बस जाऊ दिली.

आले त्या सगळ्या वाटा पुन्हा पालथ्या घातल्या. भाषा मोडकीतोडकी. लोकांना विचारणार काय, काळा दगड पाहिलात का? डोंगरभर दगडच होते. त्या अवस्थेतही याचं हसू आलं आणि पाठोपाठ रडू. शेवटी एका पायरीवर बसले. आजवर प्रत्येक गोष्ट हट्टाने मिळवली होती. ही मिळत नव्हती. "माझं शोधून झालं, आता तुझं तू बघ," असं मी देवाला मोठ्याने, मराठीतच म्हणाले.

काही वेळाने खालून एक म्हातारी हळूहळू चढत आली आणि मला रडताना पाहून थांबली. तिच्या ओंजळीत सुटलेलं वस्त्र होतं आणि त्यावर लिंग. ते काय आहे हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तरी दोन्ही हातांत जपून आणलं होतं. मी डावा तळहात पुढे केला. तिने लिंग त्यावर ठेवलं, आणि ते निसटू नये म्हणून आपला हात खालून लावला. तेव्हा मी पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून पाहिलं. त्या काळ्या तकाकीत सांजेचं आभाळ होतं, तांबूस छपरं होती, आणि मधोमध उजेडाचा एक ठिपका. मान वर केली तोवर ती पुढच्या वळणावर पोचली होती.

रेखाटनं बाजूला ठेवून मी तेच चित्र काढलं. लिंग, त्याखाली माझा तळहात, आणि त्याच्याही खाली एक हात. तो कुणाचा, असं बाईंनी विचारलं. "माझ्या आईचा. लिंगदीक्षेच्या दिवशी तिने असाच धरला होता," मी म्हटलं. रंगवताना मनात अव्वाच होती. मला दुसरं वर्ष मिळालं.

शिक्षण संपवून ते चित्र घरी आणलं. अव्वाने चष्मा लावून पाहिलं. "खालचा हात माझा कुटं हाय? माझी बोटं आखूड. हिचे सांधे सुजल्यात बघ. कोन हाय ही बाई?"

मी जवळ जाऊन पाहिलं. तो त्या म्हातारीचाच हात होता. चेहरा मी विसरले होते. अव्वाला सगळं सांगितलं.

आता मी नांदेडला असते. हट्ट गेलेला नाही, पण चित्र अडलं की मी लिंग हातावर घेऊन डोळे उघडे ठेवून बसते. कष्ट माझे, खाली हात लावणारा देव आहे, एवढं आता पटलंय.

चित्र दाखवलं त्या दिवशी सगळं ऐकून अव्वाने विचारलं, "तिला कळवलंस का, तिच्यामुळं झालं म्हनून?"

"नाव ठावं न्हाई अव्वा, कसं कळवू?"

"मग हितनंच हात जोड," असं म्हणून तिने आधी स्वतःच त्या हाताला नमस्कार केला.