दुपारच्या बायका

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या सिंगापूरच्या मंडळात दरवर्षी एका कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये होतं. माझी जागा दाराशी, टेबलामागे. टेबलावर देणगीची पेटी आणि क्यूआर कोड. मी अकाउंटंट आहे, शिवाय नवरा जाऊन सहा वर्षं झाली आहेत, त्यामुळे ती जागा मला सोयीची आणि इतरांना त्याहून सोयीची. मला तिळगूळ मिळतो, वाण मिळतं. कुंकवाचं ताट टेबलाजवळ आलं की जरा वेग घेतं.

जमणारी देणगी श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या एका दवाखान्याला जाते. युद्ध संपून बरीच वर्षं झाली तरी त्या भागात बायकांच्या तपासणीची सोय तुटपुंजीच आहे. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि एक नर्स. सकाळी गरोदर बायका आणि लेकुरवाळ्या. दुपारी दुसऱ्या बायका येतात. युद्धाच्या शेवटी ज्यांचे नवरे नेले गेले आणि परत आले नाहीत त्या. कोणाला अंगावरून जात असतं, कोणाचं पोट दुखत असतं, कोणाला दिवस राहू नयेत म्हणून इंजेक्शन हवं असतं. त्या मागच्या दारानं येतात आणि एकमेकींकडे न बघता बसतात, असं नर्सनं कळवलं होतं. आकडे दर तिमाहीला माझ्याकडे येत. सकाळची बाकं अर्धी रिकामी आणि दुपारी उभं राहायला जागा नाही, हे मी समितीला दोनदा दाखवलं होतं.

आमच्या समितीनं मग काय केलं, तर एक अट घातली. एका देणगीदारानं जेवताना सहज विचारलं होतं, "तिकडे लग्न न झालेल्या मुलींना पण गोळ्या वाटता का हो?" आमच्या अध्यक्षीणबाई, सगळ्यांच्या वहिनी, घाबरल्या. पुढच्याच बैठकीत ठरलं की आपला पैसा फक्त विवाहित स्त्रियांसाठी आणि नवऱ्याच्या संमतीनं. एप्रिलपासून लागू. आपण कोणत्या गावासाठी ही अट घालतो आहोत, हा विचार खोलीतल्या कोणाच्याही मनात आला नाही. मी बोलले, तर वहिनी म्हणाल्या, "ताई, प्रत्येक गोष्टीला आकडे नसतात हो."

ही अट काढून घ्या, एवढंच सांगायला ती नर्स त्या संक्रांतीला सिंगापूरला आली. बोलावलं आम्हीच होतं. देणगीदारांना माणूस दिसलं की बरं वाटतं. अट राहिली तर दुपारचा दवाखाना बंद होणार होता आणि हे तिनं आधीच स्पष्ट कळवलं होतं. उतरायची सोय माझ्याकडे, हौगांगच्या फ्लॅटमध्ये. बाकी सगळ्यांकडे पाहुणे होते.

ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. पहिल्या दिवशीच मला अक्का म्हणायला लागली. आमचं बोलणं इंग्रजीत, ते इथे मराठीत लिहिते आहे. एमआरटीत तमिळ पाट्या बघून तिला फार आनंद झाला. "आमच्याकडे या भाषेतली पाटी लावायची तर किती माणसं मेली," ती म्हणाली आणि पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्यानं वाचलं. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिनं विचारलं, "मग आमच्या आन्टी लोकांसमोर काय बोलणार तुम्ही?"

"जे आहे ते."

"कॅन, लाह," मुलगी मला म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत चालेल. "पण त्यांना स्लाइड्स लागतात."

रविवारी नर्सनं स्लाइड्सशिवाय दहा मिनिटं बोलून दाखवलं. दुपारच्या बायकांपैकी एकीची गोष्ट सांगितली. अटीची बातमी गावात पोचल्यावर ती यायची थांबली. कोणीतरी तिला म्हणालं, विधवा आहे असं सांग, म्हणजे चालेल. ती घरीच बसली. महिनाभर अंगावरून जात राहिलं आणि शेवटी तिला ट्रॅक्टरवर घालून शहरात नेलं, तेव्हा गर्भाशय काढावं लागलं. "तिला विधवा म्हणायचं नव्हतं," नर्स म्हणाली. "तसं म्हटलं तर शोध संपतो." टाळ्या वाजल्या. मग हळदीकुंकू सुरू झालं.

वहिनी ताट घेऊन फिरत फिरत आमच्याकडे आल्या. नर्स माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती. तिच्या कपाळावर छोटी काळी टिकली होती, त्यावरून काही ठरत नव्हतं. वहिनी वाकून माझ्या कानाशी म्हणाल्या, "अहो, हिला नवरा आहे ना? विचारा ना हळूच."

"तुम्हीच विचारा, वहिनी."

त्यांनी मग आपल्याकडे अशा वेळी विचारतात तसंच विचारलं, गोड हसून. "सिस्टर, तुमचे मिस्टर काय करतात?"

"माहीत नाही," नर्स म्हणाली.

"म्हणजे?"

"युद्धाच्या शेवटच्या आठवड्यात लष्करानं त्यांना बसमध्ये बसवलं. चौकशी करून सोडतो म्हणाले. मी बसच्या मागे थोडं चालत गेले."

मी दोन वर्षं तिचे अहवाल तपासत होते. हे मला ठाऊक नव्हतं.

वहिनींच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "पण आहेत ना ते?" वहिनींनी विचारलं. त्या वाईट बाई नाहीत. त्यांना खरोखरच त्या क्षणी उत्तर हवं होतं, कारण उत्तराशिवाय बोट पुढे जात नव्हतं.

"तुम्हाला कळलं तर मला सांगा," नर्स म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

वहिनींनी ताट तिच्या पुढ्यात धरलं. "तुम्हीच लावून घ्या हं."

ताट हातोहात पुढे द्यायचं असतं असं नर्सला वाटलं असावं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं आणि माझ्यापुढे केलं. वहिनींनी झटकन काढून घेतलं. "अहो, यांना नाही."

"का?" नर्सनं विचारलं.

वहिनींनी तिच्या हातात तिळगूळ आणि वाणाचा स्टीलचा डबा ठेवला आणि पुढच्या रांगेकडे वळल्या.

समितीची बैठक त्याच खोलीत, खुर्च्या गोल करून झाली. मला वाटत होतं, आता अर्ध्या तासापूर्वी जे झालं त्यानंतर तरी काही वेगळं होईल. वहिनी म्हणाल्या की आपण कठोर नाही, दुरुस्ती करू. नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला आणावा, म्हणजे संमतीची गरज नाही.

"दाखला मिळतो," नर्स म्हणाली. "तो मागायचा म्हणजे माणूस मेला असं आपल्या तोंडानं म्हणायचं. त्या म्हणणार नाहीत. मीही म्हटलेलं नाही."

"पण सिस्टर, नवरा घरात नाही आणि इंजेक्शन द्यायचं? आम्ही लोकांना काय सांगायचं?"

"नवरा घरात नाही म्हणून पुरुष घरात येत नाहीत असं नाही, मॅडम. दीर येतो. ज्याच्या शेतावर ती कामाला जाते तो येतो. न बोलावता येतात. इंजेक्शन त्यांना देता आलं असतं तर मी त्यांनाच दिलं असतं."

एकजण हसला. वहिनी म्हणाल्या, हे असलं आपल्या कार्यक्रमात नको. मी सकाळचे आणि दुपारचे आकडे पुन्हा वाचून दाखवले. हात वर करायला सांगितलं तेव्हा अटीच्या विरोधात माझा एकटीचा हात होता. दवाखान्याच्या बोर्डावर मंडळाचं नाव, रंगवलेल्या भिंती आणि सकाळच्या खोलीला नवी बाकं हे मात्र एकमतानं मंजूर झालं.

घरी येऊन मी भात लावला. नर्स ओट्याशी उभी राहून कांदा चिरत होती. मुलगी अभ्यासाला बसली होती.

"तुम्हाला का नाही देत ते लाल?" तिनं विचारलं.

"माझा नवरा गेला."

"मेला? नक्की?"

"हो. इथल्याच हॉस्पिटलमध्ये. मी शेजारी होते. अस्थी मीच विसर्जित केल्या."

तिनं सुरी खाली ठेवली आणि कांदा ताटलीत काढला. "नशीबवान आहात, अक्का," ती म्हणाली.

मला इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नव्हतं. मला तिचा राग आला. मग कुकर उघडेपर्यंत तो गेला, कारण तिनं सांगितलं ते खरंच होतं.

दोन दिवसांनी ती परत गेली. एप्रिलपासून दुपारचा दवाखाना बंद झाला. मंडळाच्या ग्रुपवर नव्या बाकांचे फोटो आले आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. मी पुढच्या वर्षी हिशेब बघणार नाही असं कळवलं. वहिनींचा लगेच फोन आला. "ताई, मनाला लावून घेऊ नका. हिशेब तुमच्याशिवाय कोण बघणार? टेबल तुमचंच आहे." मी म्हटलं, टेबल तुम्हीच सांभाळा.

नर्सचा निरोप पावसाळ्यात आला. दुपारच्या बायकांना ती आता आपल्या घराच्या मागच्या पडवीत बघते. इंजेक्शनं असली तर देते, बहुतेक वेळा नसतात. मी माझ्या परीनं थोडे पैसे पाठवते, पण औषधांचा प्रश्न नुसत्या पैशांनी सुटत नाही, त्याला नोंदणी लागते, आणि नोंदणी दवाखान्याची असते, पडवीची नसते. या वर्षी दोघीजणींना नको असताना दिवस राहिले, असं तिनं लिहिलं होतं. दोघींपैकी एक गावातल्या कोणाकडे तरी गेली आणि वाचली नाही.

सोबत पडवीचा एक फोटो होता. लाकडी स्टूल, टॉवेल, उकळून घेतलेल्या कात्र्या आणि कापसाचे बोळे ठेवलेला तो वाणाचा स्टीलचा डबा. डब्याच्या झाकणावर आमच्या मंडळाचं नाव कोरलेलं आहे. त्या बायकांपर्यंत आमच्याकडचं पोचलं ते एवढंच.