हॉप्सचं तेल

नागावात आमच्या शेजारच्या वाडीत एक बाई हॉप्सच्या सुक्या फुलांचं तेल वाफेवर काढतात. बिअरला वास येतो तो याच फुलांचा. कुणाशीही बोलताना बाई तळहातावर फूल चुरडून हुंगत राहतात, अगदी सरपंचांशीसुद्धा.

परवा गावकीची माणसं आली. "मागच्या दारी लपून दारू गाळता म्हणे?"

बाईंनी पुढे उभ्या असलेल्याच्या मनगटाला थेंबभर तेल चोळलं. "हुंगा. हाय यात दारू?"

"न्हाय. पण लोक बोलतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची तेलाची भट्टी पुढच्या अंगणात, ऐन रस्त्यासमोर पेटली. मला म्हणाल्या, "लपते म्हणतात ना? आता बघा म्हणावं!"

तो उग्र वास मला सोसत नाही, म्हणून त्या बाजूची खिडकी मी कायम बंद ठेवायचे. त्या सकाळी मी ती सताड उघडली.