रिकामा परत गेलेला डबा

परळच्या एका इस्पितळात मी एकतीस वर्षं आहारतज्ज्ञ होते. ओपीडीच्या कोपऱ्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि मागच्या भिंतीवर तक्ते. काय खा आणि काय खाऊ नका एवढंच सांगायचं माझं काम, पण तेवढ्यावर मी कधी थांबले नाही. बाळंतीण आली की तिला अळीव आणि पालेभाज्या सांगता सांगता शेजारी उभ्या असलेल्या सासूलाही घ्यायचे फैलावर. "अहो, नुसते मेथीचे लाडू काय कोंबताय? दुपारची दोन तास झोपू द्या तिला, तेवढा वेळ बाळ तुम्ही सांभाळा." चाळिशीतला एखादा कारकून रिपोर्ट घेऊन आला की म्हणायचे, "वडापाव बंद, आणि रोज अर्धा तास बायकोबरोबर चाला. मोबाईल घरी ठेवून." साठी उलटलेल्यांसाठी माझं एक ठरलेलं वाक्य होतं: मीठ कमी, साखर कमी, माणसं जास्त. लोक हसायचे. मला स्वतःलाच ते वाक्य फार आवडायचं.

मी लग्न केलं नाही. का, ते जाऊ दे. चाळीतल्या बायका तोंडावर म्हणायच्या, "हिला काय कळतंय संसारातलं?" आणि संध्याकाळी त्याच माझ्या दारात उभ्या. "अगं, सून धड जेवत नाही गं, जरा बोल ना तिच्याशी." मी बोलायचे. लोकांच्या घरात नाक खुपसायला मला आवडायचं, खोटं कशाला सांगू.

चाळ लालबागची. माझ्या खोलीला लागून वहिनींची खोली. नात्यातल्या नव्हेत, नुसत्या शेजारच्या. माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या, कणकवलीकडच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते लवकर गेले. मी त्यांना वहिनी म्हणायचे आणि त्या मला बाय. माझी आई गेली त्या वर्षी मी घरात चूल पेटवायचंच सोडून दिलं होतं. तेव्हा एके दिवशी त्यांनी माझ्या उंबऱ्यावर स्टीलचा डबा ठेवला. एका बाजूला पोचा आलेला, झाकण इतकं घट्ट की चमच्याने उचकटावं लागायचं. तेव्हापासून तो डबा येत राहिला. कधी घावणे, कधी काळ्या वाटाण्याचं सांबारं, कधी नुसताच शिरा.

आणि आमच्या चाळीत एक रीत होती, ती मोडलेली मी कधी पाहिली नाही. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. घरात काहीच नसलं तर मूठभर तांदूळ घाला, चमचाभर साखर घाला, पण काहीतरी घाला. रिकामं भांडं परत देणं म्हणजे पुन्हा येऊ नका असं सांगणं. मला स्वयंपाकाचा कंटाळा, त्यामुळे मी आपली साखर घालायचे. वहिनी म्हणायच्या, "माझी चाय तुझ्याच साखरेवर चलता गो बाय."

मग चाळ पाडली आणि तिथेच टॉवर झाला. चिठ्ठ्या काढून घरं वाटली. मला नववा मजला, वहिनींना एकविसावा. "लिफ्ट आसा मा," त्या म्हणाल्या. लिफ्ट होती खरी. पण चाळीत मला नुसती शिंक आली तरी भिंतीपलीकडून "काढो करू काय गो?" असं यायचं. इथे मी दिवसभर खोकले तरी कुणाला कळणार नव्हतं. अर्ध्या लोकांनी घरं भाड्याने देऊन विरार-बदलापूर गाठलं. माझ्या समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला अजून नीट सांगता येणार नाही.

त्याच सुमाराला मी निवृत्त झाले. पहिल्याच महिन्यात लिफ्टमध्ये एका बाईच्या लहान मुलीच्या हातात वेफर्सचं पाकीट दिसलं. मी सवयीने म्हणाले, "अहो, सकाळी सकाळी हे कशाला?" तिने मोबाईलमधून मान वर केली आणि म्हणाली, "आंटी, प्लीज." बस, तेवढंच. घरी येऊन मी आरशात पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "बाई, आता तुम्हाला कोणी काही विचारणार नाही." पण वहिनींचा डबा चालू होता. त्यांची सून सकाळी कामावर जाताना बेल वाजवून द्यायची आणि संध्याकाळी येताना परत न्यायची. दिवसाच्या त्या दोन बेल सोडल्या तर माझं दार वाजत नसे.

त्रेसष्टाव्या वर्षी मला मधुमेह निघाला. मला! जिने जन्मभर दुसऱ्यांच्या ताटातली साखर काढली तिला. इतका संताप आला की घरी येऊन साखरेचा डबा उचलला आणि अख्खा कामवालीला देऊन टाकला. वहिनींना फोन केला. "आता मला गोड पाठवायचं नाही. अजिबात नाही."

"बरां गो," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी शिरा. मी फोन करून ओरडले. "अगो, इसारलंय," त्या हसत म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा शिरा, लागोपाठ दोन दिवस. दुसऱ्या दिवशीचा तर तोंडात घालवेना, साखरेच्या जागी मीठ पडलेलं. "वहिनी, तुमचं लक्ष कुठे असतं? की माझं ऐकायचंच नाही ठरवलंय?" त्यांनी फोन ठेवून दिला. मला वाटलं, फुगल्या. आणि मंगळवारी डबा उघडते तर रव्याचे लाडू.

माझं डोकं सटकलं. लाडू वॉचमनला दिले, डबा घासला, पुसला, झाकण लावलं. घरात साखर नव्हती, म्हणून रिकामाच ठेवला, असं मी पुढे कित्येक दिवस स्वतःला सांगत होते. खरं सांगायचं तर तांदूळ होते. डाळ होती. शेंगदाण्यांची बरणी तर समोर फळीवरच होती. संध्याकाळी सून आली तेव्हा मी तो रिकामा डबा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "सांग सासूला, आता पाठवू नका म्हणावं. मला काय मारायचंय का?"

दुसऱ्या दिवशी बेल वाजली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मी म्हटलं, ठीक आहे, चार दिवसांत निवळेल. चार दिवसांचा महिना झाला.

मला फार एकटं वाटलं, सरळच सांगते. एका माणसाचा भात म्हणजे कुकरच्या तळाशी चिकटलेला थर. तो खरवडताना मी कुकरशी बोलायला लागले. सकाळची ती वेळ झाली की नकळत दाराशी जाऊन उभी राहायचे, आणि लिफ्ट नवव्यावर न थांबता खाली गेली की परत यायचे. ह्या सगळ्या इमारतीत मला बाय म्हणणारं एकच माणूस होतं आणि ते मी माझ्या हाताने घालवलं होतं. वर जाऊन माफी मागायला बारा मजले फक्त. पण अहंकार! भांडलेली नवराबायको माझ्यासमोर बसली की मी किती तोऱ्यात सांगायचे, "आधी बोललात म्हणून कोणी लहान होत नाही." स्वतःवर आल्यावर माझं बोट त्या एकवीस नंबरच्या बटणापर्यंत जायचं आणि खाली यायचं.

मग एकदा लिफ्टमध्येच गाठ पडली. सून वहिनींना दंडाला धरून कुठूनतरी घरी आणत होती. मी म्हणाले, "काय वहिनी, बऱ्या आहात ना?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहून हसावं तेवढं हसल्या आणि दारावरचे आकडे बघत बसल्या. सून काहीतरी बोलायला गेली, तोवर माझा मजला आला. मी मागे न बघता उतरले. एवढी मिजास? एका डब्यासाठी तीस वर्षं पुसून टाकलीत? मी ओट्याशी उभी राहून मनसोक्त रडले, आणि ठरवलं की आता त्या आल्या तरी आपण बोलायचं नाही. दिवाळी आली. चाळीत माझ्याकडे नऊ-दहा घरांची फराळाची ताटं यायची आणि मी प्रत्येकीच्या चकलीतलं तेल काढायचे. ह्या दिवाळीत चार दिवस माझ्या घरात कोणी आलं नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी बेल वाजली. वहिनींची सून दारात उभी, हातात फाईल.

"मावशी, जरा वेळ आहे? तुम्हाला विचारायचं होतं. आईंना काय खायला देऊ? जेवल्या तरी म्हणतात जेवण दिलं नाही. पुन्हा मागतात, पुन्हा दिलं की उलटी होते."

मी तिला आत घेतलं. "कधीपासून चाललंय हे?"

"वर्ष होत आलं. आधी मीठ-साखर चुकायला लागलं. मग तेच तेच पुन्हा करायच्या. एकदा गॅस चालू ठेवून झोपल्या, तेव्हापासून मी त्यांना ओट्याशी जाऊच देत नाही. तुमचा डबा बंद झाला तो तेव्हाच. तुम्ही त्या दिवशी रागावला होतात म्हणून मीही यायचं टाळलं. चुकलंच माझं."

"आणि तो रिकामा डबा? मी दिला होता तो?"

"कुठला हो?" तिला आठवेना. तिने तो घरी नेऊन मांडणीत ठेवला होता. कोणी उघडूनही पाहिला नव्हता. चाळीची रीत ह्या मुलीला ठाऊकच नव्हती.

फाईलवर काय लिहिलंय ते मला वाचावं लागलं नाही. इस्पितळात माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर त्या विस्मरणाच्या दुखण्याचा तक्ता होता. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे, सवयीचा पदार्थ बिघडणे, ओळखीची माणसं न ओळखणे. मीच चिकटवला होता तो, आणि समोर बसलेल्या प्रत्येकाला मान वळवून दाखवायचे. खारट शिरा माझ्या जिभेवर पडला तेव्हा मात्र मला तो आठवला नाही. मला वाटलं, ही बाई माझं ऐकत नाही.

सुनेला मी सांगायचं ते सगळं सांगितलं. थोडं थोडं खाऊ घाल, ताटली लहान ठेव, उष्टी वाटी समोर राहू दे म्हणजे जेवल्याचं दिसेल, वाद घालू नकोस. आणि तू स्वतः कधी जेवतेस ते सांग आधी. ती पोर तिथेच रडायला लागली. तिला चहा केला, बिनसाखरेचाच, दुसरा नव्हता.

दुपारी मी मुगाची मऊ खिचडी केली, माझ्या डब्यात भरली आणि एकवीस नंबरचं बटण दाबलं.

वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. वाळल्या होत्या फार. "कोण गो?"

"मी वहिनी. बाय."

"बाय?" त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. "बाय बाजूच्या खोलयेत रवता."

मी वाद घातला नाही. खिचडी भरवली. चांगली खाल्ली. मग त्या उठल्या, डबा माझ्या हातातून घेतला आणि मोरीशी नेऊन घासला. सून पुढे झाली तशी मी तिला डोळ्यांनी थांबवलं. वहिनींनी फळीवरच्या बरण्या एकेक करून उघडल्या. साखरेची सापडली. चमचा भरला, आणि डब्यावर धरून थांबल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "तिका गोड चलना नाय." साखर परत बरणीत ओतली. मग शेंगदाणे सापडेपर्यंत शोधलं, मूठभर डब्यात घातले, झाकण दाबून बसवलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"जाताना बाजूच्या बायक नेवन दी. एकटीच आसा ती. वरडता, पण मनान बरी आसा." मग म्हणाल्या, "हल्ली येना नाय. माझां काय चुकलां, तां इचार तिका."

मला रडू फुटलं. "तुमचं काही चुकलं नाही वहिनी. माझं चुकलं. मी रिकामा डबा दिला," मी म्हणाले. दोनदा म्हणाले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, परक्या बाईच्या रडण्याने माणूस अवघडतं तशा.

आता मी रोज वर जाते. सुनेला तेवढाच आधार होतो आणि माझं दुपारचं जेवण कोणाबरोबर तरी होतं. रोज त्या विचारतात, कोण गो, आणि रोज डब्यात शेंगदाणे घालून माझ्याजवळ माझ्यासाठी निरोप देतात: काय चुकलां, तां इचार तिका. मी रोज सांगते की तुमचं काही चुकलं नाही, चूक तिची आहे, तिला फार वाईट वाटतंय.

"तू कित्याक सांगतस?" वहिनी म्हणतात. "तिका येवंक सांग."