बकुळीखाली आलेली नवी बाई

मैत्रिणींनो, सकाळचा प्रसंग मनातून जात नाही, म्हणून वाचनालयाच्या या फळ्यावर लिहून लावते आहे.

चिंचणीच्या जुन्या सार्वजनिक बागेत मी बकुळीची फुलं वेचत होते. नुकतं उजाडत होतं. समुद्राचा आवाज झाडांतूनच येतोय असं वाटत होतं. तेवढ्यात वीज केंद्राच्या बांधकामासाठी साताऱ्याहून आलेल्या बिऱ्हाडातली तरुण बाई आली आणि तिनं फांदी हलवली. इथं फक्त पडलेली फुलं घ्यायची, ही आपली रीत. वडिलांनी मला ती अक्षरांच्याही आधी शिकवली. तिला सांगावं की नको, या घोळात मी फुलं वेचतच राहिले.

टोपली टेकवून बसलेली कोळीण मात्र ओरडली, "अगो बाय, झाड नाय हालवायचा!"

"मला ठावं नव्हतं वो," म्हणत बाईनं ओंजळ झाडाखाली रिकामी केली आणि निघाली. आता ही पुन्हा बागेत येणार नाही, असं मला वाटलं.

"चालली कुठं?" कोळीण हसली. "आता पडलेलीच हायत ना ती? वेच!"

मग तिघींनी मिळून वेचली. नव्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. उद्या विचारीन. तुमच्यापैकी कोण येतंय?