खालून आलेल्या होडीची पाळी

हौसेखातर कालव्यांवरून होड्या फिरवणाऱ्यांचा इंग्लंडात एक क्लब होता. त्यांच्या एका सहलीला मी गेलो होतो. ती सहल आठवली की अजून माझी कानशिलं तापतात.

मी तिथं कसा पोचलो, ते आधी सांगतो. आमचं गाव उमरग्याजवळ. राज्य निजामाचं, शाळा उर्दूतून. चौथीत मी शाळा सोडली, ती अभ्यासाचा कंटाळा आला म्हणून नव्हे. आमची विहीर चार घरांच्या वाट्याची होती. ज्याची पाळी, त्याची मोट. त्यातला एक वाटा जागीरदाराचा. त्याचा कारभारी पाळी संपली तरी आपले बैल सोडायचा नाही. आमचं माणूस तिथं आधीपासून बसलेलं असलं तर त्याला निदान चार शब्द बोलावे तरी लागायचे. वडील आणि थोरला भाऊ रानात. मग बसणार कोण?

मास्तर म्हणाले, "पोरगं हुशार हाय, काढू नका."

वडील म्हणाले, "हुशार हाय म्हणूनच बसवतो."

एका उन्हाळ्यात आमची मिरची करपायला लागली होती. पाळी आमची. वडील बैल घेऊन आले, तरी कारभाऱ्याची मोट चालूच.

"मालक, पाळी आमची हाय," वडील म्हणाले.

"तुमचीच हाय की! कोण न्हाय म्हणतंय? पर विहीर काय पळून चालली व्हय?"

त्याची माणसं हसली. आणि माझे वडीलही हसले. "व्हय व्हय, होऊ द्या तुमचं," म्हणत त्यांनी बैल लिंबाखाली नेऊन बांधले. मिरची गेली. कारभाऱ्याचा राग आलाच, पण वडिलांच्या त्या हसण्याचा आला तेवढा कशाचाच आला नाही.

पुढं मी सोलापुरात एका कारखान्यात लेथ शिकलो. लढाईच्या दिवसांत मुंबईला गेलो आणि तिथून आगबोटीनं विलायतेला. तिथं एका कारखान्यात लागलो. काळा माणूस म्हटल्यावर दारं लावून घेणाऱ्या त्या शहरात माझ्या फोरमननं मला खोली मिळवून दिली. आजारी पडलो तेव्हा त्याच्या बायकोनं सूप पाठवलं. त्या माणसाबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघायचा नाही.

सहलीच्या वेळी माझ्या नोकरीची मुदत संपत आली होती. तिकडं गावाकडं रझाकारांनी उच्छाद मांडलेला. घरचे गावातच आहेत की सरहद्द ओलांडून सोलापूरकडं गेलेत, काही कळत नव्हतं. परत जायचं तर कुठं जायचं? माझी मुदत वाढणार होती ती फोरमनच्या शब्दावर. "मी वर बोलतो," तो म्हणाला होता. आणि लगेच, "रविवारी आमच्या क्लबाबरोबर चल. लोकांत मिसळ जरा."

मी गेलो. सहा रंगीत होड्या, जत्रेला निघालेल्या गाड्यांसारख्या एकामागं एक. क्लबचा सेक्रेटरी पूर्वी सिकंदराबादच्या छावणीत होता, त्यामुळं माझ्याशी तो हिंदुस्थानीत बोलायचा. म्हणजे दोनच शब्द: "जल्दी करो."

"काय रे," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या राजाकडं एवढे हिरे, आणि तू इथं लोखंड कातत बसलास? भांडलास वाटतं त्याच्याशी!"

सगळे हसले. फोरमन हसला. मीही हसलो. हसू ओठांवर असतानाच मला आमच्या विहिरीवरचा लिंब दिसला, आणि डोक्यात जी तिडीक गेली ती दिवसभर उतरली नाही.

कालवा जिथं उंचावरून खाली येतो, तिथं एक दगडी हौद बांधलेला असतो. दोन्ही टोकांना लाकडी दारं. खालची होडी रिकाम्या हौदात शिरते, पाणी भरलं की वर येते. वरची होडी भरल्या हौदात शिरते, पाणी सोडलं की खाली जाते. आम्ही वरच्या बाजूनं तिथं पोचलो तेव्हा हौद रिकामा होता आणि खाली कोळशाची एक लांब होडी थांबली होती. काठावर ती ओढणारा घोडा, सुकाणूवर एक बाई.

"हौद रिकामा आहे. पाळी माझी!" बाई ओरडली.

"बाईसाहेब, आमचा क्लब एकत्र चाललाय," सेक्रेटरी म्हणाला. "आमच्या सहाही होड्या उतरू देत, मग या सावकाश."

"आणि कोळसा कोण पोचवणार? तुमचा क्लब?"

"थंडीला अजून अवकाश आहे!"

पुन्हा हशा. मला सगळ्यात झोंबलं ते हे, की आम्हाला उतरायचं तरी हौद भरावाच लागणार होता. तिला आत घेऊन भरला असता तर एक थेंबही जास्त लागला नसता. ज्यांच्या देशात पाणी असं पायाशी लोळतंय, त्यांनासुद्धा दुसऱ्याची पाळी खायची हौस!

पाणी आत घ्यायची झडप फिरवायचा लोखंडी दांडा माझ्या हातात होता. सेक्रेटरी म्हणाला, "जल्दी करो."

मी दांडा गवतात टाकला. खालच्या दारापाशी गेलो आणि ते लोटायच्या लांब तुळईला पाठ लावून रेटा दिला. दार उघडलं. "पाळी तिची हाय!" ओरडलो ते आमच्याच बोलीत. मग त्यांच्या भाषेत पुन्हा ओरडलो.

"आवरा तुमच्या माणसाला!" सेक्रेटरी फोरमनवर खेकसला.

फोरमन जवळ आला. हळूच म्हणाला, "दार लाव. माझ्यासाठी लाव."

खोली, सूप, नोकरी, घरच्यांच्या तोंडचा घास, सगळं डोळ्यांपुढून गेलं. "सर, तुमचे उपकार फार आहेत," मी म्हणालो. "पण दार नाही लावणार."

होडी आत आली. बाईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कुठला रे तू?"

"हैदराबाद संस्थानातला."

"तिकडं कालवे आहेत?"

"नाही. विहिरी आहेत."

"बरं. मग आता दार लाव आणि पाणी भर की, बघत काय बसलास!"

संध्याकाळी सेक्रेटरीनं माफी मागायला लावली. आवाज चढवल्याबद्दल मी मागितली. दाराबद्दल मागितली नाही. सोमवारी फोरमननं मला बोलावलं. मुदत वाढल्याचं सांगितलं आणि वर पुस्ती जोडली, "सगळ्यांसमोर नको होतं करायला." मी त्याचे आभार मानले, अगदी मनापासून. आणि बाहेर येऊन दात-ओठ खाल्ले. सगळ्यांसमोर नाही तर कुठं? पाळी खाल्ली ती तर सगळ्यांसमोरच ना?

पुढच्या उन्हाळ्यात सहल निघाली, मला कुणी विचारलं नाही. तरी मी गेलो. सकाळीच त्या हौदाच्या खालच्या दारापाशी, तुळईवर जाऊन बसलो, शाळा सोडून विहिरीवर बसायचो तसा. होड्या आल्या. सेक्रेटरीनं मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. फोरमननं लांबून हात केला, मीही केला. एकेक करून सहाही होड्या उतरून गेल्या. त्या दिवशी खालून कोळशाची होडी काही आली नाही.

तरी मी उठलो नाही.